सात नंबरची मुलगी

सात नंबरची मुलगी आम्हा सगळ्यांची लाडकी होती, आणि ती दिसते कशी हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

आम्ही म्हणजे नांदेड-लातूरकडच्या शिक्षकांची एक टोळी. मी नांदेडला बी.एड. कॉलेजात शिकवायची. आमच्यात कृतिसंशोधन नावाचा एक प्रकार असतो. वर्गात काय अडतंय ते बघायचं, त्यावर काही करून बघायचं, आणि काय झालं ते लिहून काढायचं. लिहून काढतात सगळे. पुढं ते अहवाल कपाटात जातात आणि तिथं वाळवीचं शिक्षण पूर्ण होतं. मी असं एका सभेत बोलले तर प्राचार्य आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. माझी जीभ पहिल्यापासून तिखट, त्याला कोण काय करणार?

चाकूरच्या एका गुरुजींना संगणकाचं वेड होतं. त्यांनी यावर तोड काढली, आणि आमच्या टोळीसाठी इंटरनेटवर एक विकी उघडली. सगळ्यांची मिळून एक वही समजा, कुठूनही उघडता येणारी. आपापला प्रकल्प तिच्यात लिहायचा. दुसऱ्याचं वाचायचं, त्यात भर घालायची, चुकलं असेल तर खोडायचंसुद्धा.

“खोडायचं?” अहमदपूरचे सर खुर्चीतून उठलेच. सर आमच्यात सगळ्यांत वडील. जन्मभर गणित शिकवलेले, करड्या शिस्तीचे, इस्त्रीच्या शर्टातले. “माझं लिहिलेलं कुणीबी येऊन खोडणार? अन् मग मारामाऱ्या कोण सोडवणार?”

त्यावरून आमचा नियम ठरला. कुणाचंही एक वाक्य काढायचं असेल तर आधी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं. ज्याचं त्यानं वाचायचं. वाचून झाल्यावरच काढायचं. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी लातूरच्या एका शाळेच्या संगणक खोलीत आम्ही जमायचो. पडद्यावर चुका दिसत नाहीत म्हणून पानं छापून आणायचो आणि लाल पेनानं तपासायचो, मग चाकूरचे गुरुजी बिचारे ते सगळं परत टाइप करायचे. शिक्षकांना लाल पेन मिळाला नाही तर हाताला मुंग्या येतात.

औशाच्या बाई या टोळीत आल्या तेव्हा लातुरातच एका शाळेवर होत्या. त्याआधी औसा तालुक्यातल्या एका खेड्यात, भूकंपात गेलेल्या गावात. गाव पडलं, शाळा पडली, आणि मोकळ्या रानात पत्र्याच्या शेडमध्ये शाळा परत भरली, तेव्हा पहिलीचा वर्ग त्यांच्याकडं होता. त्या वर्गातली मुलं आता मोठी झाली होती. त्यांचं पुढं काय झालं हाच बाईंचा प्रकल्प.

संशोधनात मुलांची नावं लिहायची नसतात, म्हणून बाईंनी हजेरीसारखे नंबर दिले होते. एक नंबर पाचवीतून गेला, काकानं गुरांमागं लावला. तीन नंबर पुण्याला हॉटेलात. पाच नंबरच्या मुलीचं नववीत लग्न झालं. आईबाप दोन्ही गेलेले, मामाला घाई होती. अशीच सगळी पानं. शनिवारी बाई वाचायला लागल्या की खोलीतला पंखा तेवढा बोलायचा.

या सगळ्यांत सात नंबर म्हणजे डोळ्यांना गारवा. धक्का आला तर पळता यावं म्हणून पहिलीत दाराजवळ बसायची आणि बाकी सगळ्यांना दाराजवळ जागा करून द्यायची. पाढे म्हणताना बारावर अडकायची, आणि अडकली की रडायच्या ऐवजी हसायची. उन्हाळ्यात पत्रा तापला की वर्ग लिंबाखाली जायचा. तेव्हा हिच्या खिशात चिंचोके, सगळ्यांना वाटायची आणि परत मोजून घ्यायची. चौथीत स्कॉलरशिप हुकली तर जेवली नाही. दहावीला चांगले मार्क पडले आणि आली लातूरला, अकरावी-बारावीसाठी.

लातूर तेव्हा नुसतं उतू जात होतं. गल्लीगल्लीत क्लास, क्लासच्या वर होस्टेल, होस्टेलच्या खाली मेस. चौकाचौकात पोरांचे चेहरे छापलेले बोर्ड, कोण किती मार्कांनी डॉक्टर होणार ते सांगणारे. बसस्टँडवर ट्रंका, गाद्या आणि हुंदके देणाऱ्या आया. नळाला पाणी नाही, पण झेरॉक्सची दुकानं पहाटेपासून उघडी. त्या गर्दीत आमची सात नंबर शिरली तेव्हा आम्हाला अभिमान वाटला. पत्र्याच्या शाळेतली एक तरी पोरगी इथवर आली होती.

“मेसची भाजी तिच्या घशाखाली उतरत नाही,” बाईंनी पानावर लिहिलं. “घरची आठवण आली की गच्चीवर जाऊन बसते.” दर वेळी कुणी ना कुणी विचारायचंच, “बाई, सातचं काय नवीन?” अहमदपूरचे सर तर हमरीतुमरीवर यायचे. “बायोलॉजी काय धरून बसली? बाराला अडकून हसणारी पोरगी गणितात पुढं जाते, माझं ऐका! तिला गणित घ्यायला लावा!”

बाई खाली बघून म्हणायच्या, “सांगते तिला, सर.”

बारावीनंतर मेडिकलची परीक्षा झाली, आणि एका शनिवारी बाईंनी वाचलं, “थोडक्यात हुकली. परत वर्षभर तयारी करणार आहे.” लातुरात त्याला रिपीट म्हणतात, आणि घरोघरी एखादा रिपीटवाला असतोच. तरी आमच्या खोलीत सुतक पडल्यासारखं झालं. सरांचा चहा तसाच गार झाला. मी घरी जाऊन माझ्या मुलावर उगीच खेकसले.

त्या सुमारास एका संस्थेनं आमच्या प्रकल्पांचं पुस्तक काढायचं कबूल केलं. अट एकच होती. प्रकल्पातल्या प्रत्येक मुलाला दुसऱ्या कुणीतरी एकदा भेटून यायचं आणि नोंद खरी आहे असं लिहून द्यायचं. औशाच्या बाईंचा प्रकल्प मी मागून घेतला. का घेतला हे सगळ्यांना माहीत होतं. मला सात नंबरला भेटायचं होतं.

बाकीच्या मुलांना मी हळूहळू भेटले. पाच नंबरच्या दारात बसून चहा प्याले. कडेवर लेकरू घेऊन तिनं मला बाराचा पाढा म्हणून दाखवला. शेवटी सात राहिली. रविवार बघून मी धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी केली, डबा बांधला आणि नांदेडहून बस धरली. मेसची भाजी उतरत नाही म्हणजे काय, मी होस्टेलात काढलेत दिवस.

बाई स्टँडवर आल्या होत्या. माझ्या हातातला डबा बघून त्यांचा चेहराच उतरला.

“क्लासला गेली असंल हो,” त्या म्हणाल्या.

“येईल की. थांबू.”

“मग टेस्ट हाय तिची.”

“रविवारी दिवसभर टेस्ट?”

“अन् बरं न्हाई तिला. झोपली असंल.”

माझं डोकं सटकलं. “बाई, एक काय ते सांगा! क्लासला गेली का झोपली? पोरगी आहे का मंत्री, भेटायला इतके बहाणे?”

बाई चालायला लागल्या. क्लासच्या गल्लीतून एका मुलींच्या होस्टेलपाशी आलो. क्लास नुकता सुटला होता. पाठीला बॅगा, हातात पाण्याच्या बाटल्या, पोरींचा लोंढाच आला. बाई फाटकाला धरून उभ्या राहिल्या आणि प्रत्येक पोरीच्या तोंडाकडं बघायला लागल्या. एकेकीकडं. मला वाटलं, शोधतायत. वॉचमननं विचारलं, “कोणाला भेटायचंय, मावशी?” बाई पोरींकडंच बघत राहिल्या. शेवटची पोरगी आत गेली तेव्हा म्हणाल्या, “चला घरी.”

घरी त्यांचे मिस्टर होते. मला पाणी दिलं, आणि बाईंच्या चेहऱ्याकडं एकदा बघून घागर उचलली, टँकर आलाय का बघतो म्हणून बाहेर पडले. बाईंनी माझा डबा उघडला. एक धपाटा ताटलीत घेतला, त्यावर चटणी घातली, आणि ताटली समोरच्या रिकाम्या जागेपुढं ठेवली.

“सात नंबर माझी हाय,” त्या म्हणाल्या.

मी मूर्ख. मी म्हणाले, “अगं बाई! तुमची मुलगी? मग लपवून काय ठेवलंत एवढं?”

“हाय म्हणजे, होती.”

आमच्याकडं एक रिवाज आहे. भूकंपातल्या माणसाला घरातले किती गेले हे विचारायचं नाही. त्यानं सांगितलं तर ऐकायचं, नाही तर गप्प बसायचं. इतकी वर्षं आम्ही बाईंना काही विचारलं नव्हतं, आणि बाईंनीही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. गणपतीचे दिवस होते. बाई आणि मिस्टर माहेरी औशाला निघाले. पोरगी म्हणाली, मी आजीजवळ राहते, गणपती शिरवायला जाते, उद्या न्यायला या. विसर्जन झालं, गाव दमून झोपलं, आणि पहाटे घरं खाली आली. दगड-मातीची जाड भिंत होती. पुढच्या जूनला पोरगी पहिलीत जायची होती.

“जून आला,” बाई म्हणाल्या. “पत्र्याची शाळा भरली. पोरं आली. मी फळ्याकडं तोंड केलं की मला वाटायचं, मागं दाराजवळ हाय ती. मागं बघितलं की न्हाई. म्हणून मी फळ्यावर लई लिहायची.”

“आणि विकीवर?”

“सहा नंबरपर्यंत लिहिलं खरं. मग बोटं थांबलीच न्हाईत, ताई. लिहून गेले. म्हणलं, शनिवारी वाचताना काढू. तर तुम्ही सगळे विचारायला लागला, सातचं काय, सातचं काय. इतक्या वर्षांत तिची चौकशी कुणी केली नव्हती हो.”

त्यांनी पहिल्यांदाच मला ताई म्हटलं. मी रडत होते, आणि खोटं का सांगू, रागही आला होता. माझी कुणी नसलेली पोरगी माझ्यासमोर दुसऱ्यांदा मेली होती. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, “मग नापास तरी कशाला केलीत तिला? सगळं तुमच्याच हातात होतं. लावायचा होता नंबर पहिल्या झटक्यात.”

बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की एवढंही कळू नये हिला.

“नंबर लागला असता तर गेली असती ना मुंबईला. अजून एक वरीस राहिली जवळ.”

परतीच्या बसमध्ये मी चाकूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. अहमदपूर आलं तशी उतरले आणि तडक सरांच्या घरी गेले. सर अंगणात वर्तमानपत्र वाचत होते. मी उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, परत उलगडली, परत घातली.

“नोंद खोटी आहे,” ते म्हणाले. “काढावी लागेल.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “एक पोरगी राहिली पुस्तकात तर कुणाचं काय बिघडतं हो? तुमच्या गणिताचं?”

“पाच नंबरचं बिघडतं,” सर म्हणाले. “नववीत लग्न लावून दिलं तिचं, ते खरं आहे. एक नंबरची शाळा सुटली ते खरं आहे. उद्या कुणी धुंडाळत आलं आणि सात सापडली नाही, तर म्हणतील सगळंच रचलेलं. मग त्या पोरांचं कुणी ऐकायचं?”

मी जायला वळले तर मागून सरांचा आवाज आला, तो ओळखू येत नव्हता.

“गणित घे म्हणून किती भांडलो हो मी तिच्याशी.”

बाईंना कसं सांगावं या विचारात मी दोन-तीनदा फोन उचलून ठेवला. शेवटी त्यांचाच आला. “मला म्हाईत हाय, ताई. काढावं लागंल. पण तुम्ही कुणी हात लावू नका. मी काढते.”

दुसरा शनिवार आला. सगळ्यांना कळलं होतं, सगळे वेळेच्या आधी येऊन बसले होते, आणि कुणाच्याच हातात लाल पेन नव्हता. बाई संगणकासमोर बसल्या. नियम म्हणजे नियम. काढायच्या आधी मोठ्यानं वाचायचं. मला वाटलं, सर म्हणतील राहू द्या. आज वाटतं, बरं झालं बोलले नाहीत.

बाईंनी वाचायला सुरुवात केली. वर्गात धडा वाचतात तसा मोकळा, ठणठणीत आवाज. दाराजवळची जागा आली, चिंचोके आले, बाराचा पाढा आला. लिंबाखालचा वर्ग आला. स्कॉलरशिप हुकली, दहावी झाली, लातूर, होस्टेल, मेस, गच्ची. “थोडक्यात हुकली. परत वर्षभर तयारी करणार आहे.” पान तिथं संपत होतं. आम्हा सगळ्यांना ते पाठ होतं.

पण बाई थांबल्या नाहीत. पडद्याकडं बघतच, त्याच आवाजात, पानावर नसलेलं वाचलं.

“दुसऱ्या वेळी नंबर लागला.”

“शाब्बास!” सरांच्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी सगळा मजकूर निवडला. तो निळा झाला. मग त्यांनी बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवले.

काहीतरी करायला पाहिजे म्हणून चाकूरचे गुरुजी पुढं झाले. त्यांचा जीव कामात. सात गेला म्हणजे आठचा सात, नवाचा आठ, असे नंबर सारायला त्यांनी सुरुवात केली.

“थांबा गुरुजी,” सर म्हणाले. “काय करायलात? वर्षाच्या मधी पोरगं कमी झालं म्हणून हजेरीतले नंबर कुणी सारतं का?”

गुरुजींनी हात मागं घेतला. आपल्याकडं शाळेत असंच असतं. एखादं मूल गाव सोडून गेलं, किंवा गेलंच, तरी त्याचा नंबर वर्षभर कुणाला देत नाहीत. तेवढी ओळ मोकळी राहते. हजेरी घेताना सहा झाला की बाई क्षणभर थांबतात आणि आठ म्हणतात. पुस्तकात ते तसंच छापलं. प्रेसवाल्यानं फोन करून विचारलं, सात राहून गेलाय का? सरांनी सांगितलं, बरोबर आहे, तसंच ठेवा.

त्या दिवशी निघताना गुरुजींनी बाईंना आणि मला बाजूला घेऊन एक गोष्ट दाखवली. विकीवर खोडलेलं खरं जात नाही. इतिहास म्हणून एक जागा असते, तिथं जुनी पानं तशीच राहतात; लोकांना दिसत नाहीत, पण शोधणाऱ्याला सापडतात. बाईंनी एवढंच विचारलं, “म्हणजे हाय ती?”

“हाव बाई. हाय.”

पुढं कैक वर्षं बाई ते जुनं पान उघडून वाचायच्या. मला कसं माहीत? मीही उघडायची, आणि पान किती वेळा उघडलं त्याचा खालचा आकडा दर वेळी वाढलेला असायचा. टोळी हळूहळू पांगली. कुणी निवृत्त झालं, कुणाची बदली झाली. अहमदपूरचे सर गेले. नवीन कुणी काही लिहीत नव्हतं, तरी विकी आपली तिथं होती, कुलूप नसलेल्या घरासारखी. मग एक दिवस मी पत्ता टाकला तर नुसता पांढरा पडदा आला. गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, ज्या कंपनीकडं फुकटात जागा होती तिनं दुकान बंद केलं. कळवलं होतं म्हणे, पण ज्या पत्त्यावर कळवलं तो आमच्यापैकी कुणी उघडतच नव्हतं. इतिहासाचं काय, विचारलं. गुरुजी म्हणाले, तोही त्याच दुकानात होता.

सांगायला हवं होतं, आणि सांगणार कोण? मीच लावला फोन. बाईंचा आवाज म्हातारा झाला होता. मी हवापाणी विचारलं, गुडघे विचारले, टँकर येतो का विचारलं. शेवटी त्याच म्हणाल्या,

“ताई, पान गेलं ना? बघितलं मी.”

मी म्हणाले, “हो, बाई. गेलं.”

“जाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “नंबर लागल्यावर पोरी कुठं थांबतात हो लातुरात?”